निम्मं कपाट

सरकत्या दारांच्या कपाटाबद्दल जो तो एकच सांगतो : जागा वाचते. खोटं नाही. एरवी दार उघडायला कपाटापुढे दोन फूट मोकळे सोडावे लागतात, ते वाचतात. पण दोन दारं एकापुढून एक सरकवायची तर दोन रूळ आले, आणि ते साडेतीन-चार इंच कपाटाच्याच पोटातून घेतात. हँगरला लावलेल्या शर्टाला बावीसेक इंच खोली हवीच, त्यात तडजोड नाही. म्हणजे जे कपाट दोन फुटांत भागलं असतं, ते सव्वादोन फुटांच्याही पुढे येऊन उभं राहतं.

आमच्या बेडरूमला एवढा सूक्ष्म विचार परवडणारा नव्हता. खोली दहा बाय अकरा, त्यात सहा फूट रुंद पलंग भिंतीला टेकवलेला. उरलेल्या बोळात एका वेळी एकच माणूस, तोही तिरका चालेल. इथे आधी आईच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट होतं. गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली ती १९२३ साली. आमचं बरंच नंतरचं, पण बाणा तोच. मूठ खाली दाबली की खडाक् आवाज, दोन्ही दारं सताड, आणि आख्खा संसार एका नजरेत. फक्त ती दारं उघडली की पलंगावर चढून उभं राहावं लागे. शेवटी आईने ते आपल्या खोलीत हलवून घेतलं आणि किल्ली कमरेला खोचून म्हणाली, "करा आता तुमचं ते सरकतं."

प्लायच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "कमर्शियल की मरीन?" मरीन म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटू नयेत, अशी त्याची कसोटी. आमच्या बेडरूममध्ये सलग ७२ तास पाणी उकळण्याचा योग मला नजीकच्या काळात दिसत नव्हता. पण ही म्हणाली, "पुढे ताप नको." मराठी मध्यमवर्गाने आजवर जेवढे जादा पैसे मोजलेत, ते याच तीन शब्दांपायी. मरीन आला. आठ बाय चारचा प्लाय लिफ्टमध्ये जात नाही, हे लिफ्टपाशी आल्यावर हमालांनी ठरल्याप्रमाणे जाहीर केलं आणि ठरल्याप्रमाणे भाव वाढवला. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून भिंतींच्या रंगावर पहारा देत होते. डिपॉझिट त्यांनी आधीच घेतलेलं.

मिस्त्री मूळचे राजस्थानचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेली की नकारसुद्धा अस्सल पुणेरी मराठीत देत. त्यांनी आल्या आल्या ओळंबा सोडला, भिंतीकडे बघितलं आणि आमच्याकडे सहानुभूतीने बघितलं.

"काका, भिंत ओळंब्यात नाही."

"किती?"

"आता किती सांगू? वेळ सकाळची आहे."

मग त्यांनी कोपरा तपासला. एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात. वेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांमध्येही याच तीन-चारच्या आयताचं उदाहरण आहे. आमच्या बिल्डरचा त्या परंपरेशी संबंध आला नसावा. टेप चार फूट अकरा इंच दोन सुतांवर थांबली.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फ्लॅटचा करार चौरस मीटरमध्ये, प्लायची जाडी मिलिमीटरमध्ये आणि मिस्त्री फूट-इंच-सुतात. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला म्हणतात. मिस्त्रींना त्याची नोटीस मिळालेली दिसत नाही. कपाटाच्या जागेच्या दोन बाजूंच्या भिंतींमधलं अंतर वरच्या बाजूला भरलं सात फूट आणि फरशीपाशी सहा फूट अकरा इंच. म्हणजे चौकोनी कपाट करून तिथे सरकवण्याचा प्रश्नच मिटला. राहिलेल्या फटीला पट्टी लागणार होती, जी वर रुंद आणि खाली येता येता नाहीशी होईल.

"विचित्र नाही दिसणार?" हिने विचारलं.

"ताई, फिनिशिंगमध्ये कळणार नाही."

हे वाक्य पुढे आमच्या घरात रोज ऐकू येऊ लागलं. स्विचबोर्ड कपाटामागे गेला, फिनिशिंगमध्ये कळणार नाही. फरशीला खिडकीकडे उतार आहे, फिनिशिंगमध्ये कळणार नाही. एक मात्र कबूल करायला हवं, दारांच्या कामात माणसाने कुचराई केली नाही. पाणी भरलेली नळी धरून रुळाची लेव्हल काढली, नाहीतर दार आपणहून खिडकीकडे फिरायला गेलं असतं. सात फुटी दारं प्लायची केली तर बाक येण्याची भीती, म्हणून ब्लॉक बोर्डची केली. सनमायका दोन्ही अंगांनी चिकटवला, कारण एकाच अंगाने लावला तर दार त्या ओढीने वाकतं. आठवडाभर वरणभातात भुसा होता, पण दारं एका बोटाने सरकत होती.

पहिल्या सोमवारी सकाळी मूळ प्रश्न समोर आला. दोन दारं, दोन रूळ, म्हणजे कधीही बघा, निम्मंच कपाट उघडं. डावीकडे माझे कपडे, उजवीकडे हिचे.

"अहो, दार तिकडे करा."

"अगं, माझा एक पाय पँटमध्ये आहे."

"दुसरा बाहेर काढून मग घाला. मला साडेआठची बस आहे."

बरोबर मध्ये, दिसायला छान म्हणून, मिस्त्रींनी ड्रॉवर बसवले होते. दार डावीकडे असो की उजवीकडे, ड्रॉवरचा निम्मा भाग दाराआड. चार बोटं पुढे येऊन तो दाराच्या कडेवर आपटतो. त्यात माझे मोजे आहेत. असावेत.

भांडावं तर दारं सॉफ्ट-क्लोज. कितीही त्वेषाने ढकला, शेवटच्या चार बोटांवर येऊन ती अदबीने, सावकाश मिटतात. तेवढ्या वेळात आपण काय म्हणणार होतो ते विसरायला होतं. शेजारच्या खोलीतून खडाक् आवाज येतो आणि पाठोपाठ आईचा : "आमची दोन्ही दारं उघडायची हो!"

मिस्त्री उरलेले पैसे न्यायला आले तेव्हा ही त्यांना कपाटापुढे घेऊन गेली. त्यांनी दार इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, ड्रॉवर आपटून बघितला आणि मान डोलावली.

"तीन दारं, तीन रूळ करू. मग दोन हिस्से उघडतील."

"कपाट किती पुढे येईल?" मी विचारलं.

"दोन इंच."

"बोळात आत्ताच तिरकं चालतोय. आणि पलंग मागे घ्यायला जागा नाही, मागे भिंत आहे."

मिस्त्रींनी पलंगाकडे बघितलं. कानावरची पेन्सिल काढली, गुडघ्यावर बसून पलंगाच्या कडेपासून दोन इंचांवर खूण केली आणि म्हणाले, "हलवायचा कशाला, काका? फिनिशिंगमध्ये कळणार नाही."