तोफखान्याच्या शेजारी राहावं कसं: नवशिक्यांसाठी सबक

देवळाली कॅम्पात हवा चांगली आहे, हे घर दाखवणारा दलाल सांगतो. खिडक्यांच्या काचा अधूनमधून थरथरतात, हे तो सांगत नाही. म्हणून हा सबक.

फौजेत कुठलाही सबक आधी उद्देश सांगून सुरू होतो आणि उस्तादाच्या 'कोई शक?' या प्रश्नावर संपतो. शक असला तरी तो विचारायचा नसतो, ही त्यातली पहिली परंपरा. आपला उद्देश एवढाच, की लॅम रोडवर भाड्याने घर घेतलेल्या, फौजेचा गंध नसलेल्या माणसाला सहा महिन्यांत तोफखान्याबद्दल चारचौघांत तोंड उघडता यावं.

सुरुवात कानापासून. काचा वाजल्या की भूकंप समजून जिन्याकडे धावू नये. आधी शेजारच्या काकूंकडे बघावं. त्या शांतपणे भजी तळत असतील तर तोफा सुरू झाल्या आहेत. रात्री रेंजच्या बाजूला लखलखाट दिसला तर मनात सेकंद मोजायला लागा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. बारा मोजल्यावर धडाम आलं, तर तोफ चार किलोमीटरवर. पाहुण्यांसमोर हे एकदा जमलं की तुमचा भाव वाढतो. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या लपलेल्या तोफा हुडकायला हीच युक्ती, बरीच सुधारून, वापरली होती. पण पाहुण्यांना ते सांगू नये, त्यांना ती तुमची वाटू द्यावी.

पुढचं पाऊल पत्त्याचं. रिक्षावाल्याला नुसतं 'आर्टिलरी' म्हणू नये. नाशिकरोड कॅम्पात आर्टिलरी सेंटर आहे, 1948 पासून. तिथे गावाकडचा पोरगा जातो आणि गनर होऊन बाहेर पडतो. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. तिथे अधिकारी आणि उस्ताद गनरी शिकतात. ही शाळा 1923 साली आता पाकिस्तानात असलेल्या काकूलला निघाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीला आली. फाळणीच्या आधीच ती इकडे येऊन बसली होती, म्हणून वाटणीच्या वेळी निदान तिचा पत्ता तरी बदलावा लागला नाही.

शब्दांची तयारीही हवी. तोफखान्यातल्या शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, तो गनर. कंपनी नसते, बॅटरी असते. बॅटरीत सहसा सहा तोफा, रेजिमेंटला अठरा. तोफेवरच्या तुकडीचा प्रमुख 'नंबर वन', आणि त्याचा शब्द तोफेपुरता ब्रह्मवाक्य. टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेला अधिकारी ओपीवर, म्हणजे ऑब्झर्व्हेशन पोस्टवर, असतो. तोफेला लक्ष्य दिसत नाही, ते त्याला दिसतं, म्हणून तो वायरलेसवरून आकडे सांगतो. पहिला गोळा पलीकडे पडला तर 'ड्रॉप 400', मग अलीकडे पडला तर 'ॲड 200', असं अंतर निम्मं निम्मं करत लक्ष्याला कात्रीत धरायचं. भाजीबाजारात मेथीच्या जुडीचा भाव करताना तुम्ही हेच करता, फक्त चुकलं तर तुमची मेथी जाते.

आता मुख्य परंपरा. ती एकदा कळली की बाकीच्या मागोमाग येतात. पायदळाच्या पलटणींना निशाण असतं. तोफखान्याला वेगळं निशाण नाही, तोफ हेच निशाण. संचलनात तोफ समोरून गेली की तिला सलामी मिळते. दसऱ्याला तिच्या नळीला हार घालून शस्त्रपूजन होतं. तेव्हा एखाद्या जुन्या, रंग दिलेल्या तोफेवर मुलाला घोड्यासारखं बसवून फोटो काढण्याआधी दोनदा विचार करा. समोरचे सुभेदार साहेब काही बोलणार नाहीत. ते बोलले असते तर परवडलं असतं.

हे फाजील वाटत असेल तर हवालदार उमराव सिंग यांची गोष्ट ऐका. डिसेंबर 1944, अराकानातलं कलादान खोरं. जपान्यांचे हल्ल्यांवर हल्ले आले, हाताखालचे बहुतेक जवान पडले, गोळ्या संपल्या. उमराव सिंग यांनी तोफ हलवायचा लोखंडी दांडा उचलला आणि हातघाईवर आले. सहा तासांनी ते सापडले तेव्हा अंगावर सात गंभीर जखमा होत्या आणि भोवती दहा जपानी मरून पडले होते. तोफ शाबूत होती, आणि त्याच दिवशी पुन्हा चालली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निशाण शत्रूच्या हाती द्यायचं नसतं, हे वाक्य फलकावर लिहिलेलं असतं तेव्हा सोपं असतं.

इतिहासात मराठी नवशिका हमखास घसरतो. तो म्हणतो, तोफखाना तर आमचाच! पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे, त्यांनी सासवडजवळ बांधलेला मल्हारगड, पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी. सगळं खरं. पण रेजिमेंट ऑफ आर्टिलरीचा वाढदिवस 28 सप्टेंबर, गनर्स डे, आणि तो मोजतात 1827 पासून. त्या दिवशी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत एक गोलंदाज कंपनी उभी राहिली. तीच पुढे 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. ती आजही 57 फील्ड रेजिमेंटमध्ये नांदते आहे. म्हणजे शनिवारवाड्यावरचा भगवा उतरल्यावर जवळजवळ दहा वर्षांनी, ज्यांनी तो उतरवला त्यांच्या हजेरीपटावर आपल्या तोफखान्याची जन्मतारीख पडली.

यावर चिडू नये. प्रत्येक फौजेला वाढदिवस लागतो आणि तो कुठून धरायचा हे तिलाच ठरवावं लागतं. थायलंडमध्ये सैन्यदलांचा दिवस राजा नरेसुआनच्या हत्तीवरच्या द्वंद्वयुद्धाचा. 1593 मध्ये त्याने ब्रह्मदेशाच्या युवराजाला हत्तीवरूनच गारद केलं, असं तिथली परंपरा सांगते. आधी तो दिवस 25 जानेवारीला पाळत, मग जुन्या पंचांगाचा हिशेब दुरुस्त झाला आणि फौजेचा वाढदिवस आठवडाभर मागे, 18 जानेवारीवर आला. आपल्या तोफखान्याने हत्ती सोडून हजेरीपट धरला. मला विचाराल तर हे अधिक फौजी आहे: सलग चालत आलेली तुकडी हवी, जिची कालची हजेरी आज दाखवता येईल. पानशांचा तोफखाना गौरवाचा खरा, पण 1818 नंतर त्याची हजेरी घ्यायला कोणी उरलं नाही.

त्या डोंगरी बॅटऱ्यांच्या तोफा खेचरांच्या पाठीवरून जात. अडीच इंची तोफेची नळी दोन तुकड्यांची. दोन खेचरांवर लादायची आणि चढ संपला की स्क्रूसारखी पिळून एक करायची. आज देवळालीत हे ऐकून हसणाऱ्यांनी एम-777 कडे बघावं. 9 नोव्हेंबर 2018 ला, याच कॅम्पात, के-9 वज्र आणि एम-777 समारंभाने फौजेत दाखल झाल्या. वज्र रणगाड्यासारखी स्वतः चालते. एम-777 जेमतेम सव्वाचार टनांची, म्हणून हेलिकॉप्टरखाली टांगून डोंगरावर नेता येते. खेचर बदललं, चढ तोच आहे.

गोऱ्यांचाही एक वारसा आहे, तो लवकर उरकू. रेल्वे झाल्यावर विलायतेला परतणारे गोरे सैनिक देवळालीत थांबत. जहाजं सुटायची फक्त थंडीच्या महिन्यांत. शेवटचं चुकलं की उन्हाळा नि पावसाळा इथेच. काम नाही, दारू आहे, ताप आहे. कित्येकांचं डोकं फिरलं आणि गावाचं नाव इंग्रजीत वेडेपणाशी जोडलं गेलं. 1974 मध्ये बीबीसीने या कॅम्पावर विनोदी मालिकाही काढली. लंडनचा पाहुणा हे सांगून खिदळला तर त्याला काकूंची भजी द्यावीत आणि विषय बदलावा.

टोपीवरच्या बिल्ल्यात काय राहिलं, काय गेलं, हे मात्र नीट बघा. तोफ राहिली. राजमुकुट गेला, तारा आला. लॅटिन ब्रीद गेलं, 'सर्वत्र' आणि 'इज्जत-ओ-इकबाल' आलं. पायदळासारखे एकेका लढाईचे मान निशाणावर विणायला इथे कापडच नाही, म्हणून रेजिमेंटच्या नावाला मानाची उपाधी जोडतात: झोजिला, असल उत्तर, कारगिल. 1999 च्या त्या उन्हाळ्यात तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. बोफोर्स तर टायगर हिलवर थेट नेम धरून चालवल्या. एरवी डोंगराआडून मारा करणारी तोफ त्या दिवसांत रायफलीसारखी वापरली. 2022 साली द्रासजवळच्या पॉइंट 5140 या शिखराला गन हिल नाव मिळालं. निशाण नसलेल्या लोकांना शेवटी एक डोंगर मिळाला.

सगळ्यात महत्त्वाची सूचना उत्साही लोकांसाठी. फायरिंगच्या तारखा आधी जाहीर होतात, त्यासाठी 1938 चा कायदा आहे. ती सूचना ट्रेकिंगचं आमंत्रण समजू नये. रेंजमधल्या न फुटलेल्या गोळ्याला फौजी 'ब्लाइंड' म्हणतात. तो आंधळा असतो, बहिरा नसतो. पितळेच्या आणि लोखंडाच्या लोभाने त्याला हात लावणाऱ्यांच्या बातम्या देशभरातल्या रेंजांवरून येतात. तोफा पाहायच्याच असतील तर जानेवारीत 'तोपची' नावाचा वार्षिक मारा-प्रदर्शनाचा सोहळा होतो. निमंत्रण मिळवा, खुर्चीवर बसा आणि कानात कापूस घाला. याच महिन्यात 15 तारखेला आर्मी डे येतो, 1949 साली करिअप्पांनी सरसेनापतिपद घेतलं तो दिवस. पहिली भारतीय फील्ड ब्रिगेडही 15 जानेवारीलाच, 1935 मध्ये, बंगळुरात उभी राहिली होती. हा योगायोग माहीत असलेला मुलकी माणूस दुर्मीळ; तुम्ही व्हा.

शेवटचा सराव कँटीनबाहेर किंवा सोसायटीच्या फाटकावर. नाशिक परिसरात निवृत्त गनर बरेच. अधिकाऱ्याला 'सर', सुभेदाराला 'साहेब'. 'काका' अजिबात नाही. कारगिलची गोष्ट सुरू झाली तर मध्ये बोलू नये, चहा मागवावा. कमांडिंग ऑफिसरला निरोप देताना त्याची जीप युनिटच्या लोकांनी दोर लावून ओढली, हे सांगताना त्यांचा आवाज बसला तर आपण खोकल्याचं निमित्त करावं. आणि गाडी मागे घेताना फाटकावरचे हवालदार साहेब 'ड्रॉप 50... ड्रॉप 25...' म्हणू लागले, तर आरशात न बघता त्यांचं ऐकावं. ओपी त्यांच्याकडे आहे.

कोई शक?