बॉटला कारणे दाखवा नोटीस

सोलापुरात माळढोकांची संख्या वाढली आहे. नान्नजच्या माळावर नव्हे. तिथे एखादा दिसला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. वाढ झाली आहे ती आमच्या भागातल्या पक्षीप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सकाळी सहाच्या ठोक्याला 'आजचे माळढोक दर्शन' येतं. फोटो तोच, पक्षी तोच, मान वळवून बघण्याचा तोराही तोच. सभासद मात्र रोज नव्याने हात जोडतात आणि वार्षिक अहवालात हे सगळे माळढोक वेगवेगळे धरले जातात. १९७९ साली या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचा पसारा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता. त्यात गावं होती, रस्ते होते, ऊस होता. माळ तेवढा शोधावा लागे. पुढे ते छाटून बाराशेच्या आसपास आणलं. ग्रुपवर जागेची अशी अडचण नाही.

हे दर्शन कोणी माणूस घडवत नाही. ॲडमिनसाहेबांच्या पुतण्याने पुण्यात बसून त्यासाठी एक स्क्रिप्ट लिहून दिली. सोलापूर पूर्वी बाहेरगावी चादरी पाठवायचं, मग टॉवेल पाठवू लागलं, आता इंजिनिअर पाठवतं. त्यातलाच हा एक. 'काका, आता रोज पहाटे उठून टाइप करायला नको,' असं तो म्हणाला. काका टाइप करायलाच उठत होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता ते पहाटे उठून बॉटने मेसेज वेळेवर टाकला की नाही, यावर देखरेख करतात.

पक्ष्यापुरता होता तोवर बॉट गुणी होता. मग कौतुक वाढलं आणि त्याच्याकडे उजनीचं खातं सोपवण्यात आलं. उजनी हे मोठं तत्त्वज्ञ धरण आहे. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. वापराचं पाणी संपलं की आपण मृताच्या ताटातलं घेतो आणि टक्केवारी शून्याखाली उतरते. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ६०च्या आसपास गेली होती. पुण्यातल्या पुतण्याला उणे टक्के भरलेलं धरण ही कल्पनाच मानवली नाही. आकड्यामागची ती आडवी रेघ म्हणजे टायपिंगची चूक, असं समजून त्याने ती स्क्रिप्टमधून गाळून टाकली.

त्यानंतर आमच्या ग्रुपवर ऐन वैशाखात सुबत्ता आली. तळ उघडा पडत गेला तसा बॉट रोज एकेक टक्का वाढवत अभिनंदन करू लागला. पन्नाशी ओलांडल्यावर एकाने पेढ्याचा फोटो टाकला. दुसऱ्याने जलपूजनासाठी कोणत्या पुढाऱ्याला बोलवायचं, यावर मतदान लावलं. फ्लेक्सचा मजकूरसुद्धा तयार झाला. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत होतं, पण ते नेहमीचंच असल्याने कोणी त्याचा धरणाशी संबंध जोडला नाही. पुढे पाऊस लागला, धरण खरोखर भरू लागलं आणि बॉटच्या हिशेबाने पाणी दिवसेंदिवस घटत चाललं. भीमा दुथडी वाहत असताना आमच्याकडे काटकसरीने अंघोळ कशी करावी, याचे सल्ले फिरत होते.

इतकं झाल्यावर कोणीही बॉटला घरी बसवलं असतं. आमच्याकडे त्याला बढती मिळाली. सुख-दुःख विभाग त्याच्याकडे आला. 'गेला', 'गेले', 'गेली', 'गेलं' यांपैकी काहीही दिसलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकायची, असा नियम पुतण्याने बसवून दिला. त्या संध्याकाळी कोणीतरी लिहिलं, 'आमच्याकडची लाइट गेली.' भावपूर्ण श्रद्धांजली. दुसऱ्याने लिहिलं, 'मुलगी अमेरिकेला गेली.' भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली बाकीच्या सभासदांची रांग, 'ईश्वर कुटुंबीयांना बळ देवो.' मुलीच्या वडिलांनी सगळ्यांचे आभार मानले, कारण आमच्याकडे कोणी वरचा मेसेज वाचत नाही. 'नळाचं पाणी आत्ताच गेलं' यावर बॉटने वाहिलेली श्रद्धांजली मात्र सर्वांना समर्पक वाटली.

कळस झाला तो देवाणघेवाणीमुळे. शेजारी जुनी नाणी जमवणाऱ्या हौशी मंडळींचा ग्रुप आहे. त्यांच्याकडेही बॉट होता. दोन्ही ग्रुप जोडले तर ज्ञान वाढेल, असं ठरलं आणि एका शनिवारी रात्री जोडणी झाली. त्यांचा बॉट प्रत्येक मेसेजला 'छान माहिती, धन्यवाद' म्हणायचा. आमचा बॉट प्रत्येक धन्यवादाला 'आपले स्वागत आहे' म्हणायचा. ही त्यांच्या बॉटला छान माहिती वाटायची. रात्रभर दोघांनी एकमेकांचा सत्कार केला. रविवारी सकाळी पूर्व भागातल्या एका सभासदाचा फोन गरम होऊन बंद पडला. 'काय करूलालंय हे बे?' एवढंच तो बोलला. ग्रुपवरची प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं की, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ग्रुपवर सभ्य चर्चा झाली.

शेवटी एका गच्चीवर सभा बोलावण्यात आली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, त्यामुळे कोरम भरला. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद बोलायला उभे राहिले. नव्वदच्या दशकात ते मुंबईत होते आणि मोडेमची किरकिर त्यांनी कानाने ऐकली आहे. ते म्हणाले, 'हा रोग जुना आहे. १९८४ साली टॉम जेनिंग्ज नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत फिडोनेट सुरू केलं. घरोघरचे हौशी कॉम्प्युटर रात्री फोनचे दर उतरले की एकमेकांना फोन लावायचे आणि टपाल पोचवायचे. मुंबईतही तशी मंडळी होती. १९९४ साली दूरसंचार खात्याने अशा हौशी बुलेटिन बोर्डांवर वर्षाला १५ लाखांचं परवाना शुल्क बसवायचं काढलं, तेव्हा छंद किती महाग असू शकतो हे कळलं.'

'१५ लाखांत बॉट येतो का?' खजिनदारांनी विचारलं.

'तिथेही आपोआप मेसेज टाकणारे प्रोग्राम होतेच,' ते पुढे म्हणाले. 'पण प्रत्येक मेसेजच्या तळाशी तो कुठून निघाला, त्याचा पत्ता असायचा. शिवाय तो कोणकोणत्या केंद्रांनी आधीच पाहिला आहे, ही यादी मेसेजसोबतच फिरायची. म्हणजे तोच मेसेज त्याच दारात पुन्हा येऊ नये. प्रोग्राम पिसाळला तर त्या पत्त्यावरच्या माणसाला गाठायचे. ऐकलं नाही तर त्याची जोडणी तोडायचे. १९८९च्या त्यांच्या नियमावलीचं सार दोनच वाक्यांचं होतं. दुसऱ्याला अति त्रास देऊ नका आणि स्वतः उठसूट त्रासून जाऊ नका.'

यातलं दुसरं वाक्य आपण केव्हाच अमलात आणलं आहे, अशी नोंद इतिवृत्तात झाली.

'आणि यूजनेट नावाच्या चर्चाजाळ्यावर तर,' भाकरी हातात तशीच ठेवून ते म्हणाले, 'मार्च १९९३च्या शेवटी अमेरिकेत रिचर्ड डेप्यू नावाच्या गृहस्थाने निनावी मेसेज पुसणारा प्रोग्राम सोडला. शिस्त लावायला निघालेला तो प्रोग्राम स्वतःच्याच सूचनांना उत्तरं देत बसला. एका रात्रीत दोनशेच्या आसपास मेसेज! पण डेप्यू पुढे आला. प्रोग्राम माझा, चूक माझी, असं म्हणून त्याने माफी मागितली.'

सभेत कुजबुज झाली. प्रोग्रामच्या चुकीबद्दल माणसाने माफी मागायची, ही पद्धत परदेशात असेल. इथल्या हवामानाला ती मानवणार नाही, असा सूर निघाला. तेव्हा त्या गृहस्थांचा आवाज चढला. 'जुलै २०१८मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्यांत आपल्या मंगळवेढा तालुक्यातले लोक होते. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. तो मेसेज पहिल्यांदा कोणी टाकला, हे पुढे ढकलताना कोणी विचारलं होतं? माळढोकावर आपण हसतोय. बिनपत्त्याचा मेसेज उद्या काय घेऊन येईल, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं.'

गच्ची क्षणभर गप्प झाली. मग खजिनदारांनी चटणी पुढे सरकवली आणि सभा पूर्ववत सुरू झाली.

प्रश्न एकच उरला: जबाबदार कोण? पुतण्या म्हणाला (पुण्याहून, स्पीकरवर), मी फक्त लिहिलं, चालवतात काका. काका म्हणाले, मी फक्त चालवतो, लिहिलं पुतण्याने. सभासदांचं म्हणणं, आम्ही फक्त हात जोडले. बॉटला कारणे दाखवा नोटीस द्यावी, असा ठराव झाला आणि ती तिथल्या तिथे ग्रुपवर टाकण्यात आली. नोटिशीत 'मुदत निघून गेली तर कारवाई होईल' असं वाक्य होतं. बॉटने तत्काळ मुदतीला श्रद्धांजली वाहिली. उत्तर वेळेत आल्याने ते समाधानकारक मानण्यात आलं.

मग काकांनी खिशातून कात्रण काढलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये सांगितलं आहे की, सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं आणि त्यात ॲडमिनचा हात किंवा सामायिक हेतू नसेल, तर निव्वळ ॲडमिन म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. न्यायालय बोललं ते शिक्षेबद्दल. आमच्या सभेने त्याचा अर्थ असा लावला की, ॲडमिनने काही करायचंच नसतं.

इथून पुढचा मार्ग मुख्याध्यापकांनी दाखवला. ते म्हणाले, ॲडमिन जबाबदार नाही, हे न्यायालयाने ठरवलं. बॉट जबाबदार नाही, हे आपण आज ठरवलं. मग या दोन बेजबाबदाऱ्यांसाठी दोन पदं कशाला अडवायची? ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि बॉट आता ॲडमिन आहे. पदभार घेताच त्याने पहिला निर्णय घेतला. त्या निवृत्त बँकवाल्यांनी 'माझा विरोध नोंदवून घ्यायचा राहून गेला' असं लिहिलं होतं. त्यांना श्रद्धांजली वाहून ग्रुपमधून काढण्यात आलं. खाली सगळ्यांनी हात जोडले आहेत.