तेरा भागांच्या बाई

चेल्सी स्टीव्हन्सबाईंना नॅपकिनची घडी कशी घालावी, मेणबत्ती कुठं ठेवावी, पाहुण्यांपुढं काय मांडावं हे सगळं ठाऊक होतं. पाहुण्यांशी बोलावं कसं, एवढंच राहून गेलं होतं. 1998 साली सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर आलेल्या 'स्टाइल अँड सबस्टन्स' या विनोदी मालिकेच्या या नायिका, टीव्हीवर घरसजावटीचा कार्यक्रम करणाऱ्या. जीन स्मार्टनं त्या झोकात उभ्या केल्या, तरी 13 भागांत मालिकेनं गाशा गुंडाळला.

पात्र उघडउघड अमेरिकेतल्या गृहसजावटीच्या गुरू मार्था स्ट्युअर्टवर बेतलेलं, आणि मूळ बाई लेखकांच्या दोन पावलं पुढं. शेअरविक्रीच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्या म्हणून 2004 मध्ये पाच महिन्यांसाठी तुरुंगात गेल्या आणि सुटल्या त्याच वर्षी पुन्हा टीव्हीवर घर सजवायला शिकवू लागल्या. अशा बाईंवर विनोद करणार तरी काय?

शिवाय अशा बाई बघायला सोलापूरकरानं टीव्ही कशाला लावावा? जुळे सोलापुरात आमच्या वहिनी आहेत. सजावटीचे व्हिडिओ बघून त्यांना अधिकार प्राप्त झाला. पहिला हुकूम सुटला : दारात पितळी घंगाळ ठेवा, त्यात पाणी भरा, पाण्यात शेवंती तरंगू द्या. आमच्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. आई म्हणाली, "फुलं पोहतील गं, पण आंघोळ कुणी करायची?" वहिनींना यात कलेची उपेक्षा दिसली.

मग चादर. सोलापुरात लग्न असो, सत्कार असो की निवृत्ती, चादर ठरलेली. त्यामुळं माळ्यावर ढीग. वहिनींनी त्यातली एक सोफ्यावर तिरकी टाकली आणि बजावलं, "टेकू नका, चुण्या बिघडतात." भर मे महिन्यात काका आले, कूलर लावला, चादर ओढली आणि घोरू लागले. चादरीचा उपयोग माहीत असलेला घरातला तो एकच माणूस.

शेंगाचटणीवर पुदिन्याचं पान आलं, कडक भाकरीचे त्रिकोण झाले आणि फोटो निघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. कडक भाकरी महिनाभर टिकते, तिचं काही बिघडलं नाही. पाहुण्यांचं बिघडलं.

'साराभाई वर्सेस साराभाई' या हिंदी मालिकेतल्या मायाबाई याच जातकुळीतल्या. पण रत्ना पाठक शाह यांच्या त्या तोऱ्यासमोर पै-पै वाचवणारी सून मोनिशा होती, म्हणून लोक त्या दोघींना अजून विसरलेले नाहीत. चेल्सीबाईंच्या वाट्याला आली त्यांच्या कार्यक्रमाच्या मालक कंपनीनं धाडलेली समजूतदार जेन. समजूतदार माणसानं कधी विनोद पिकवलाय? आमच्या आईसारखी सासू दिली असती तर मालिका अजून चालू असती.

कुणा निर्मात्याला चौदावा भाग काढायचा असेल तर जरूर यावं. फक्त पाण्याच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी आमच्याकडं कुणालाच वेळ नसतो.