पाहुणी आणि तुरटी

जानेवारीच्या शेवटी गासला लग्न होतं, आमच्या मागच्या वाडीतल्या मावशींच्या नातीचं. संत गोन्सालो गार्सियाच्या चर्चमध्ये लग्न लागलं, मग हॉलवर बँड, नाच आणि जेवण झालं. निघताना मावशींनी टेबलावरचा फुलांचा गुच्छ उचलून माझ्या हातात कोंबला. "ने गं बाय, सकाळी कचऱ्यातच जायचाय." नको म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या नाचणाऱ्यांत दिसेनाशा झाल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून गुच्छ न्याहाळला आणि विचारलं, "हा फ्लॉवर गुलाबी कसा?"

चूक त्यांची नव्हती. गड्डा तसाच होता, भाजीवाल्याने तराजूत टाकला असता तर अर्धा किलो भरला असता. मी म्हटलं, "आई, फ्लॉवर नाही, फूलच आहे. हायड्रेंजिया." त्यांनी नाक जवळ नेलं, दोनदा हुंगलं आणि चष्मा काढला. "वास नाही. देवाला नको." बारशाआधीच फूल जातीबाहेर गेलं.

वसईत बाहेरून फुलं आणायची म्हणजे तसा अधर्मच. भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशीच्या वाड्यांतून सोनचाफा, मोगरा, तगर आणि जास्वंदीच्या मिटलेल्या कळ्या निघतात. टोपल्या पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यात चढतात आणि आपण चहाचं आधण ठेवेपर्यंत दादरला पोचलेल्या असतात. त्याच मुंबईतून ही गुलाबी बाई आली होती, कुठल्या तरी थंड मुलखातून विमानाने उतरून. प्रत्येक देठाला पाण्याची छोटी प्लास्टिकची नळी, वर रबरी टोपण. पाहुणी सलाइनसकट आली होती.

रात्री मी तिन्ही देठ तांब्यात ठेवले. सकाळी उठून पाहते तर तिघींनी माना टाकलेल्या. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे घरात काहीही मरायला लागलं की सगळे माझ्याकडे बघतात. मग पुस्तकं काढली. या फुलाचं नावच मुळी पाण्यावरून पडलंय, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पाण्याचं भांडं. नाव मिळालं ते बीजकोशाच्या आकारावरून, पण शोभतं स्वभावाला. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नसतातच, ती निदलं, कळीचं बाहेरचं आवरण. खरी फुलं मधे, मोहरीएवढी, कुणाचं लक्षही जाऊ नये अशी. लग्नात नवरा-नवरीपेक्षा मांडवच जास्त दिसावा, तसं. या एवढ्या मोठ्या मांडवातून पाणी भराभर उडतं, आणि देठातून चिकट रस झिरपून खालची वाट बुजते. वरून खर्च, खालून आवक बंद. आमच्या सोसायटीच्या टाकीचं वेगळं काय असतं?

उपाय दोन निघाले. पहिला, फूल उलटं करून अख्खं डोकं अर्धा तास गार पाण्यात बुडवायचं, कारण निदलं वरूनही पाणी पितात. दुसरा, देठ तिरका कापून लगेच तुरटीच्या पुडीत टेकवायचा आणि मग पाण्यात ठेवायचा.

बादली म्हटल्यावर घरात शांतता पसरली. आमच्याकडे पाणी सकाळी येतं, ते येतं तोवर येतं. वसईकराला पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही. बावखलं, म्हणजे वाड्यांतली छोटी तळी, बुजताना आणि विहिरींचं पाणी टँकरने जाताना पाहिलेली ही पिढी. पाणी आणि झाडं वाचवायच्या हरित वसईच्या चळवळीत फादर दिब्रिटोंच्या मागे मोर्च्यात चाललेली माणसं आमच्याच गल्लीत आहेत. "फुलाला अंघोळ?" सासूबाई म्हणाल्या. "तीही भर बादलीची?" शेवटी तह झाला. फुलांनी शीर्षासन करायचं, ते पाणी नंतर तुळशीला आणि उरलं तर ओटीवरच्या लादीला. अर्ध्या तासाने बादलीतून काढली तेव्हा तिघी अशा टवटवीत, की सासूबाईंनाही "हं" म्हणावं लागलं. त्यांच्या शब्दकोशात "हं" ही वरची श्रेणी आहे.

तुरटीवरून मात्र वेगळंच महाभारत झालं. घरातला एकुलता एक खडा ह्यांच्या दाढीच्या डब्यात. तो गायब झाल्यावर ह्यांनी गालाला टॉवेल लावूनच चौकशी सुरू केली. सासूबाई फुलाच्या बाजूने उभ्या राहिल्या, ही पहिलीच वेळ. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी हंड्यात घ्यायचं, तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा आणि गाळ खाली बसेपर्यंत वाट बघायची, हे त्यांनी उभ्या आयुष्यात केलंय. तुरटीला मान मिळतोय म्हटल्यावर त्या खुलल्या. खलबत्त्यात खडा त्यांनीच कुटला.

ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की ॲल्युमिनियम मिळालं की हायड्रेंजिया निळी होते. तुरटीत ॲल्युमिनियम असतंच. म्हणून हे रोज सकाळी ब्रश तोंडात धरून फुलापाशी उभे. "झाली का निळी?" मग मला शिकवणी घ्यावी लागली. रंगद्रव्य दोन्ही रंगांत एकच. आंबट मातीत ॲल्युमिनियम विरघळतं, मुळं ते ओढतात आणि फूल निळं होतं. अल्कधर्मी मातीत ते अडकून पडतं, फूल गुलाबी राहतं. म्हणजे शाळेतल्या लिटमसच्या अगदी उलट! हे आधी माहीत असतं तर सातवीच्या मुलांना छळायला काय मजा आली असती. दार्जिलिंगला आम्ही कुंपणाकुंपणाला निळे गड्डे पाहिले होते ते यामुळेच, चहाला हवी तशीच आंबट माती. पण हा सगळा कारभार झाडावर, मुळांतून चालतो. कापलेल्या देठाला चिमूटभर तुरटी लावून बाई निळी होत नाही. "मग तुरटी माझी द्या परत," हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मावशी लग्नाचं उरलंसुरलं आवरून आल्या, वाडीतल्या पिकल्या वेलची केळ्यांची फणी घेऊन. फणी त्यांनी नेमकी फुलाशेजारी ठेवली. मी झडप घालून उचलली. पिकत्या केळ्यातून जो वायू सुटतो त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या बागेचाच अपमान केला होता. वसईत केळ्यापासून लांब राहायला सांगणं म्हणजे माशाला ओल टाळ म्हणण्यासारखं. फणी स्वयंपाकघरात गेली, पाहुणी दिवाणखान्यात राहिली, आणि वाऱ्याने ती सुकू नये म्हणून तिच्या डोक्यावरचा पंखा बंद, त्यामुळे आम्ही सगळे घामाघूम.

मावशींना मी जाता जाता सांगितलं, की हे फूल मूळचं जपानचं. त्यावर त्या एकदम थांबल्या. "जपान? तिकडे तर आमच्या गोन्सालोला मारलं." आमच्या! जणू परवापर्यंत पलीकडच्या वाडीत विटीदांडू खेळत होता. वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यात तो होता. १८६२ साली तो संत झाला.

आणि मला आठवलं, की नागासाकी शहराचं अधिकृत फूल हायड्रेंजियाच आहे. त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचं कृत्रिम बेट होतं. ते बांधलं पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला. १६३९ साली त्यांना जपानमधून हाकललं आणि पुढे तिथे डच आले. (वसईतून पोर्तुगीजांना चिमाजीअप्पांनी काढलं ते बरोबर शंभर वर्षांनी. एवढं सांगितल्याशिवाय माझ्यातल्या शिक्षिकेला झोप येत नाही.) त्या बेटावर १८२३ साली सीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर आला. ताकी नावाच्या तिथल्या मुलीवर त्याचा जीव जडला, मुलगी झाली, आणि सहाच वर्षांत त्याला देश सोडावा लागला. युरोपात परतल्यावर त्याने एका हायड्रेंजियाला नाव दिलं ओताक्सा. ओ-ताकी-सान म्हणत म्हणत झालेलं ते नाव.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग फुलाकडे वळून बघितलं, पहिल्यांदाच नीट. "म्हणजे तिकडचीच की," म्हणाल्या. "मग पाणी घाल बाय तिला." आणि केळी आणखी दोन हात लांब सरकवली.

आता थोडं शहाणपण, जे मला उशिरा सुचलं. हायड्रेंजिया विकत घ्यायचीच झाली तर कोवळी, मऊ, लुसलुशीत घेऊ नये, तीच आधी मान टाकते. बोट लावल्यावर कागदासारखी कडक लागेल ती निवडावी, मधल्या बारीक कळ्या उमललेल्या असाव्यात. पानं बरीचशी काढून टाकावीत, तीही पाण्यात वाटा मागतात. पाणी रोज बदलावं, देठ दर खेपेला बोटभर कापावा. थोडक्यात, सासरी आलेल्या पाहुण्यासारखी सरबराई. सोनचाफ्याला यातलं काहीच लागत नाही. तो एका दिवसात घरभर दरवळतो आणि संध्याकाळी काळा पडून मोकळा होतो.

दोघी दहाव्या दिवशी गेल्या. तिसरीचं पाणी मी मुद्दाम बदललं नाही, तांब्यात दोन बोटं होतं ते आटू दिलं. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत ती उभ्या उभ्या वाळली. गुलाबी जाऊन जुन्या साडीच्या काठासारखा रंग आला, पण आकार जसाच्या तसा. आता ती फ्रिजवर आहे. शेजारी मावशींनी दिलेली बाटली: गच्च भरलेल्या पाण्यात बुडवून, बूच घट्ट लावून ठेवलेला वाडीतला सोनचाफा, अजून पिवळाधमक.

काल सकाळी पाणी आलं नाही. सासूबाईंनी फ्रिजवरच्या दोघांकडे पाहिलं, आधी बाटलीकडे, मग कोरड्या गड्ड्याकडे.

"ही बरी," त्या म्हणाल्या. "हिला आता सवय झाली."