रविवारची मराठी

आमच्या घरी संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत देवाला फार बातम्या कळत. ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे, या घरात काही लोक सकाळी आठपर्यंत लोळतात,’ असं आजोबा डोळे मिटून सांगत, आणि कान माझे लाल होत.

मी मोठा झालो तसा त्यांच्याही पुढे गेलो. मी देवाशी रविवारची मराठी बोलू लागलो. ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अगाध कृपेस्तव...’ अशी मराठी मी कर्ज मागताना बँकेच्या साहेबांपुढेही कधी काढली नाही. त्या भाषेत एक सोय असते, स्वतःबद्दल काही सांगावंच लागत नाही. गेल्या वर्षी धाकट्या भावाने बंगला बांधला. ‘त्या वास्तूवर तुझा वरदहस्त राहो,’ असं मी तोंडाने म्हणत होतो आणि मनात चाललं होतं, पहिल्याच पावसात स्लॅब गळू दे. देवाला नेमकं काय ऐकू गेलं असेल?

खरं तर पवित्र शास्त्रात असला सोवळेपणा नाही. स्तोत्रं १५०, त्यांतली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. आम्ही मात्र लग्नाला, मयताला, वाढदिवसाला २३वंच वाचतो. माझं बायबल तिथे आपोआप उघडतं. ८८व्याचं पान अजून करकरीत आहे.

आणि बायबलमधली ती हन्ना! मूल नाही, सवत टोमणे मारते, आणि नवरा समजूत काढतो, ‘मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?’ (हे वाक्य बोलून कुठल्या बायकोचं रडू थांबलं असेल, मला शंका आहे.) ती शिलोच्या मंदिरात जाऊन अशी प्रार्थना करते, की ओठ हलतात पण आवाज नाही. एली याजकाला वाटतं, बाई पिऊन आलीय! तो चक्क रागावतो. ती म्हणते, प्यालेले नाही, मन ओतत होते. मग ती जाते, जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. मुलाचा अजून पत्ताही नसतो.

कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्या पुलावर देवाशी कडाकडा भांडायची जुनी वहिवाट होती. जनाबाईने विठोबाला काय कमी सुनावलंय? आम्ही पूल ओलांडला आणि भांडण तेवढं पलीकडे ठेवून आलो.

परवा भाऊ नव्या घराच्या प्रार्थनेचं आमंत्रण द्यायला आला आणि मुक्कामी राहिला. रात्री झोप येईना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो आणि ओट्याला टेकून बोलून टाकलं, ‘देवा, मला त्याचा हेवा वाटतो. फार वाटतो. लहानपणी गणितं मी सोडवून द्यायचो आणि बंगला त्याचा झाला.’

‘कोणाशी बोलताय?’ आतून बायको.

‘देवाशी.’

‘मग जरा हळू. भाऊजी हॉलमध्येच झोपलेत.’