फुकट, हलकं आणि जुनं

'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' असं पडद्याच्या कोपऱ्यात उमटलं की 'नंतर' या बटणावर टिचकी मारणाऱ्यांच्या पंथातला मी. फुकटचा अँटिव्हायरस जुनाच बरा, हे आमचं ब्रीद. त्यामागे तंत्रज्ञान थोडं आणि तोरा फार, हे मान्य. पण पुरावाही आहे. २००८ साली एव्हीजीने ७.५ मागे टाकून ८.० आणली. तिच्यातला लिंकस्कॅनर इतका तत्पर, की तुम्ही काही शोधलंत की समोर आलेल्या दुव्यांवर तोच आधी जाऊन यायचा. संकेतस्थळं चालवणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा कंपनीला त्याला आवर घालावा लागला. त्याउलट अवास्ट ४.८! मोटारीतल्या टेपरेकॉर्डरच्या थाटाची खिडकी, घड्याळाशेजारी गरगरणारा निळा गोळा, आणि व्हायरसची यादी ताजी झाली की खणखणीत इंग्रजीत जाहीर घोषणा. घरात कोण झोपलंय याची पर्वा नाही. व्हायरस सापडला तर थेट भोंगाच. अविराच्या तपासणीच्या खिडकीचं नाव तर 'ल्यूक फाइलवॉकर'! हल्लीचे अँटिव्हायरस मुकाट काम करतात. त्यामुळे आपण सुरक्षित आहोत हे आपल्याला कळतं, पण शेजाऱ्याला कळत नाही. मग उपयोग काय?

यावर जाणकार विचारतात, जुना अँटिव्हायरस नवे व्हायरस कसे पकडणार? आमचं उत्तर तयार असतं: यादी रोज ताजी होते, इंजिन जुनं असलं म्हणून काय बिघडलं? इथेच आमची बाजू लंगडी पडते. कोणाला पकडायचं ते यादी सांगते. कसं पकडायचं ते इंजिनाला ठाऊक असतं. नव्या तऱ्हेने गुंडाळलेली फाइल त्याला उलगडताच आली नाही, तर यादीतली खूण ताडून बघणार कशाशी? शिवाय अँटिव्हायरसला संगणकात सगळीकडे मुक्तद्वार असतं, म्हणून त्याच्यातलं भोक सगळ्यात महाग पडतं. 'नंतर'ची किंमतही जगाने पाहिली आहे: फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायने वापरलेलं विंडोजमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिली होती, हल्ला झाला १२ मे रोजी.

तरीही आमच्या पंथाला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकात गावभरचे पेनड्राइव्ह खुपसले जातात, कोणात autorun.inf दबा धरून, कोणात फोल्डरचं चित्र पांघरलेली .exe. संरक्षणाची गरज सर्वाधिक त्याला, आणि रॅम सर्वांत कमी त्यालाच. त्याच्यापुढे व्हीपीएन, सफाईचं साधन आणि जाहिराती यांचं बोचकं घेऊन नवी आवृत्ती उभी राहते. 'नवा संगणक घ्या' हा सल्ला तंत्राने बरोबर आणि खिशाच्या हिशेबात उर्मट आहे. तेव्हा तक्रार आमची खरी, औषध मात्र चुकीचं. मागणी जुन्या आवृत्तीची नको, हलक्या पण ताज्या आवृत्तीची हवी. तोवर विंडोज ८पासून आतच मिळणारा डिफेंडर पुष्कळांना पुरेल. त्यात खोट एकच: तो सगळ्यांकडेच असतो, त्यामुळे चारचौघांत मिरवता येत नाही.