तीन खाती, एकच पंत

धंदा, सरकारी कारभार आणि लष्करी चाकरी हे तीन वेगवेगळे पेशे असतात, ही समजूत मराठी मुलखात बरीच उशिरा आली. सतराव्या शतकात सरदाराला फौज उभी करायची तर सावकाराचे कर्ज काढावे लागे, कर्ज फेडायचे तर सरंजामाच्या गावांचा वसूल गोळा करावा लागे, आणि वसूल हाती यायचा तर पुन्हा फौज नेऊन उभी करावी लागे. या रहाटगाडग्यात जो तरला तो मुत्सद्दी, जो अडकला तो कर्जबाजारी. पुष्कळजण एकाच वेळी दोन्ही असत.

मलकापूरच्या विशाळगडकर पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्रिंबक हे या तिहेरी पेशाचे अस्सल उदाहरण. सुरुवात सातारा भागातल्या किन्हईच्या कुलकर्णीपणापासून. कुलकर्ण्याचे दप्तर रणांगणात काय कामाचे, असे कुणाला वाटेल. पण कोठारात दाणा किती, खाणारी तोंडे किती, हे ज्याला अचूक मांडता येते त्याला किल्ला किती दिवस लढेल हे सांगता येते. आणि ते कळले की तो कितीला द्यावा हेही कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली पंत पुढे आले आणि प्रतिनिधिपदाला पोहोचले. हे पद राजाराम महाराजांनी जिंजीत निर्माण केलेले, मानाने अष्टप्रधानांच्याही वरचे. बढतीला पायऱ्या अपुऱ्या पडल्या की नवी पायरी बांधायची, ही सरकारी रीत तेव्हाही होती.

पंतांचा सर्वांत मोठा व्यवहार विशाळगडावर झाला. डिसेंबर 1701 मध्ये ऐंशी ओलांडलेला औरंगजेब जातीने गडाला वेढा घालून बसला; आत मराठ्यांतर्फे पंत होते. आंबा घाटाची वाट तोडून तोफा वर आणल्या होत्या. कोकण दरवाजाच्या बाजूने मोगलांकडून लढणाऱ्या अंबरच्या कोवळ्या वयाच्या जयसिंगाची माणसे एप्रिलमध्ये तटाबाहेरच्या रेवणीत घुसली, तरी गड काही पडेना. जून उजाडला. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला, आणि या भागातला पाऊस कुणाची पातशाही ओळखत नाही. दोन्ही बाजूंना घाई होती. मोगलांना अंमळ जास्त. पंतांनी शहजादा बेदारबख्ताशी बोलणी लावली आणि दोन लाख रुपये व शिबंदीला सुखरूप वाट, एवढ्यावर सौदा ठरला. लष्करी इतिहासात याला शरणागती म्हणतात. बाजारात याला हंगाम संपता संपता माल काढणे म्हणतात, आणि त्यात कमीपणा नसतो.

गिऱ्हाइकाला माल घेऊन घरी जाणे जड गेले. विशाळगडाहून पन्हाळ्याच्या आसपास पोहोचायला, म्हणजे सुमारे 50 किलोमीटरला, बादशाही फौजेला 38 दिवस लागले. आंबा-मलकापूरच्या या पट्ट्यात ओढ्यांना लोंढे आलेले, तांबड्या चिखलात बैल बसले ते उठले नाहीत, हत्ती रुतले, धान्य रुपयाला शेर झाले. मोगल बखरकारांनी या वाटेचे वर्णन वेढ्याइतक्याच मनापासून केले आहे. औरंगजेबाच्या पश्चात गड मराठ्यांकडे परत आला. दोन लाख मात्र परत गेल्याची नोंद कुठे आढळत नाही.

1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा पंत राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंच्या बाजूने सातारा लढवत होते. किल्ला पडला, पंत कैदेत गेले. पुढे शाहूंनी त्यांना कैदेतून सोडून आपले प्रतिनिधिपद दिले आणि वर विशाळगडही दिला. पंतांनी गडाच्या बंदोबस्ताला मुलगा कृष्णाजी याला पाठवले. कृष्णाजी गेला तो थेट शाहूंच्या विरोधातल्या कोल्हापूरकरांना मिळाला आणि त्यांचा प्रतिनिधी झाला. साताऱ्यात पंत पुन्हा कैदेत. मुलाने पेढी बदलावी आणि जामीन बापाने भरावा, असा हा प्रकार. शिक्षा जिवावरची होती, ती खंडो बल्लाळ चिटणीसांच्या मध्यस्थीने टळली. 1718 मध्ये पंत वारले आणि साताऱ्याचे प्रतिनिधिपद दुसरे चिरंजीव श्रीनिवासराव ऊर्फ श्रीपतराव यांच्याकडे गेले. औंधचे घराणे ते. एक मुलगा साताऱ्याला, एक कोल्हापूरला: दोन्ही गाद्या एकमेकींशी भांडत राहिल्या तरी घराचे दोन्हीकडे बरे चालले. हे ठरवून केले असे म्हणायला पुरावा नाही, आणि ठरवून केले असते तरी यापेक्षा चांगले जमले नसते.

कृष्णाजीच्या वंशजांकडे विशाळगडची जहागीर राहिली. 1844 मध्ये कोल्हापूर भागात गडकऱ्यांनी बंड केले, त्यात विशाळगडचेही गडकरी होते. इंग्रजांनी बंड मोडून गडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचे ठाणे खाली शाळी नदीकाठी मलकापुरास आले. लष्कराचे खाते बंद झाले. दप्तर आणि बाजार उरले. जागा मात्र धंद्याला सोयीची होती, कारण कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाट चढून येणारा आणि उतरू पाहणारा प्रत्येकजण इथूनच जाई. मार्च 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कारभाराचे खातेही गेले. तालुक्याची कचेरी शेजारच्या शाहूवाडीला आहे, त्यामुळे जहागिरीच्या राजधानीतल्या माणसाला तहसीलदाराच्या सहीसाठी शेजारच्या गावी जावे लागते.